कुठल्या पाण्यात उतरायचं

उत्तरा ठाण्याच्या कोर्टात अनुवादक आहे. लोकांची भांडणं ती मराठीतून इंग्रजीत नेते आणि इंग्रजीतली मराठीत आणते. कोण कुणाला काय म्हणालं, जिन्यात म्हणालं की गच्चीवर, शिवी नक्की कोणती दिली आणि त्या शिवीला इंग्रजीत काय म्हणायचं, असे दिवसभर नुसते शब्द. संध्याकाळी रिक्षा, बस, परत रिक्षा करत ठाकुर्लीला पोचली की बेलवर बोट ठेवायच्या आधीच आतून हाक येते.

"उत्तरा, आलीस का?" हे अण्णा, तिचे सासरे. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून सगळ्या जगाशी ते मोठ्यानं बोलतात.

"आई, माझा चार्जर?" हा नील, नववीतला.

"अगं, ते हे कुठे ठेवलंयस?" हा साकेत, तिचा नवरा. 'ते हे' म्हणजे काय ते तिनंच ओळखायचं.

हाकांचं वाईट वाटून घेण्यासारखं काही नसतं. हाका आहेत म्हणजे माणसं आहेत, माणसं आहेत म्हणजे घर आहे. पण बाई दमते. पायांनी दमते तशी कानांनीही दमते, आणि कानांना काही पाय पसरून बसता येत नाही. पूर्वीच्या बायकांना निदान जातं होतं. पहाटे त्याच्यापाशी बसावं, मूठमूठ दाणे घालावेत, मूठमूठ मनातलं घालावं. जातं सगळं ऐकून घ्यायचं, उलट बोलायचं नाही. उत्तराकडे मिक्सर आहे. तो तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडतो.

अंतरा नावाची एक तरुण वकील मधल्या सुट्टीत तिच्या टेबलाशी डबा खायला यायची. मागच्या वर्षी सप्टेंबरात ती बालीला जाऊन आली, आणि नंतर कितीतरी दिवस तिच्या बोलण्यात दुसरं काही नव्हतं.

"मॅडम, स्कुबाचं सगळ्यात भारी काय माहितीये? खाली कोणी बोलूच शकत नाही. तोंडात नळी असते ना! आमचा इन्स्ट्रक्टर वर एवढा बडबड्या, खाली गेला की एकदम गप्प. नुसते हातवारे. बाकी फक्त आपला श्वास. आत, बाहेर, बुडबुडे. बस."

"किती वेळ?"

"पाऊणएक तास. पहिल्यांदा थोडं कमी."

"पाऊण तास कोणी म्हणजे कोणीच बोलत नाही?"

"मासे पण नाही बोलत, मॅडम," अंतरा हसली.

उत्तरा हसली नाही. तिच्या हातात पोळीचा तुकडा तसाच राहिला. पाऊण तास. कुणी नावानं हाक मारणार नाही. मारायची म्हटली तरी मारता येणार नाही.

त्या गावाचं नाव अमेद. बालीच्या पूर्वेकडच्या टोकाला, मच्छीमारांचं छोटंसं गाव. किनारा काळ्या गोट्यांचा. अंतरानं सांगितलं, तिथे बोटीतून उडी मारायची गरज नाही, किनाऱ्यावरून चालत चालत पाण्यात शिरता येतं. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, आणि मग एकदा मान खाली घातली की वरचे आवाज वरच राहतात. मे महिन्यात तिथे पाऊस नसतो. आणि मे महिन्यात कोर्टाला उन्हाळी सुट्टी असते, तिच्याही वाट्याला त्यातले काही दिवस येतात. सगळं जणू आधीच जुळवून ठेवलं होतं कुणीतरी.

दिवाळीनंतर ती डोंबिवलीच्या तरणतलावावर बायकांच्या बॅचला जाऊ लागली. वयाच्या पंचेचाळिशीत पाण्यात हातपाय मारायचे, केसांना क्लोरीनचा वास घेऊन कोर्टात जायचं. साकेत सकाळी स्कूटरवरून सोडायचा आणि फाटकाबाहेरच थांबायचा.

"आत ये की. बाकड्यावर बस."

"नको, तू जा. इथे चहा बरा मिळतो."

खाली उतरताना कानांवर पाण्याचा दाब येतो, तेव्हा नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारायची, म्हणजे कान मोकळे होतात, हेही अंतरानं शिकवलं होतं. उत्तरा ते बसमध्ये करून बघायची. एकदा शेजारच्या बाईंनी पर्समधून विक्स काढून तिच्यापुढे धरलं. "घ्या हो, सर्दी अशी दाबून ठेवू नये." उत्तरानं घेतलं, लावलंसुद्धा. नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी साकेतनं विषय काढला. जेवणं झाली होती. त्याची मोठी बहीण आसावरी ठाण्याहून व्हिडिओ कॉलवर होती. दर रविवारी असायची, अण्णांची खुशाली विचारायला.

"ताई, यंदा आम्ही बालीला जायचं म्हणतोय. उत्तराला स्कुबा करायचंय."

"कुणाला काय करायचंय?" अण्णांनी विचारलं.

"आईला समुद्रात उतरायचंय, अण्णा!" नील ओरडला.

"का? काय झालं?"

फोनवर आसावरी खळखळून हसली. मग तिचा चेहरा उजळला. "अगं, किती छान! मग आपण सगळेच जाऊ या ना. अण्णांना पण नेऊ. काय गं उत्तरा, चालेल ना? की तुमचं दोघांचंच काही आहे?"

"छे, छे," उत्तरा म्हणाली. "चालेल की. माझं काही नाही."

झालं. एवढंच झालं.

आपल्याकडे पहिलं 'नको' हे नको नसतं आणि पहिलं 'चालेल' हे चालेल नसतं. पंगतीत वाढपी आला की पानावर हात आडवा धरायचा, तो म्हणणार घ्या हो, आपण म्हणायचं नको हो, तो पुन्हा म्हणणार, आणि तिसऱ्या खेपेला हात जरासा कलता करायचा. लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं हे. पहिल्याच खेपेला जो हवं म्हणतो तो हावरट, आणि पहिल्याच खेपेला जो पुढे निघून जातो तो वाढपी कसला! उत्तरानं त्या दिवशी रीतीप्रमाणे हात आडवा धरला, आणि आता कुणीतरी विचारेल म्हणून थांबली. साकेत तरी विचारेल. अगं, नक्की ना? तुला तिकडे शांत जायचं होतं ना?

कुणी विचारलं नाही. वाढपी पुढच्या पानाकडे गेला.

त्यानंतर समुद्र हळूहळू आटत गेला. आधी अमेद गेलं, कारण विमानतळापासून गाडीनं फार लांब, अण्णांचे गुडघे आखडतात. मग आसावरीचे यजमान, सिद्धेश, फुकेत म्हणाले. "तिथेही समुद्रच आहे, वहिनी. सगळीकडे एकच पाणी." पण मे महिन्यात तिकडे पाऊस सुरू होतो आणि लाटा उसळतात, आणि अण्णांना बोटीत चढवायचं कसं? मग मालदीव आलं आणि एका संध्याकाळीच गेलं, कारण तिथे बेटावर करायचं काय, नील कंटाळेल. शेवटी दुबई. सिद्धेशचा चुलतभाऊ तिथे असतो, वरण-भात मिळतो, हॉस्पिटलं चांगली, सगळीकडे लिफ्ट.

"पण मे महिन्यात दुबईत भाजून निघू आपण," उत्तरा एकदा म्हणाली.

"आत कुठे ऊन लागतं? सगळं एसी," आसावरी म्हणाली.

"आणि आई, तिथे इनडोअर पूल आहे स्कुबाला," नीलनं मोबाइल तिच्यासमोर धरला. "साठ मीटर खोल! आत बुडालेलं शहर बनवलंय, खोटं खोटं. दिवे, म्युझिक, सगळं आहे. कसलं भारी ना?"

"बघ! तुला पाण्याखालीच जायचंय ना? मग आहे की तिथे पाणी," आसावरी म्हणाली.

उत्तरानं पडद्यावरचं पाणी पाहिलं. निळंशार, चौकोनी, भिंतींचं. पाण्याखाली म्युझिक. तिनं साकेतकडे पाहिलं. तो म्हणाला, "वाईट नाही. सेफ पण आहे." आणि तिनं पाहिलं, हे म्हणताना त्याचे खांदे सैल झाले. जसं काही ओझं उतरलं. तिला त्याचा राग आला, पण राग धरायलाही ताकद लागते. ती भांडी आवरायला उठली.

पाडव्याला सगळे आसावरीकडे जमले, पाचपाखाडीत. खिडकीत गुढी उभी, कडुलिंबाची डहाळी, साखरेची माळ. आसावरीनं पहाटेपासून राबून स्वयंपाक केला होता. चक्का घरी टांगलेला, श्रीखंड घरी घोटलेलं. तिचं सगळं असंच, मनापासून आणि भरपूर.

"साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त आहे," ती म्हणाली. "जेवणं झाली की आजच तिकिटं काढून टाकू. सिद्धेश, लॅपटॉप काढून ठेव रे."

पानं मांडली, पुऱ्या फुगून आल्या. आसावरी श्रीखंडाचं पातेलं घेऊन उत्तराच्या पानाशी आली.

"बास, ताई. खरंच नको."

"अगं घे, एवढंसं."

"पोट भरलंय. मगाशीच दोनदा घेतलं."

"पाडव्याला असं म्हणतात होय? मी घोटलंय हातानं, दंड दुखतायत माझे. घे गं."

"ताई, नको ना."

"तुझं नको कळतं मला," असं म्हणून आसावरीनं डाव रिकामा केला. पांढरंशुभ्र, वेलदोड्याचं श्रीखंड उत्तराच्या वाटीत काठोकाठ बसलं.

समोरून सिद्धेशनं विचारलं, "बोला मंडळी, दुबई करू का कन्फर्म? वहिनी, तुमच्या पासपोर्टवर नाव कसं आहे?"

उत्तरा वाटीकडे बघत राहिली. रडू येईल असं तिला वाटलं, पण रडूही आलं नाही. दिवसभर कोर्टात ती दुसऱ्यांची वाक्यं जशीच्या तशी, एक शब्द इकडचा तिकडे न करता मांडते. त्याच आवाजात, तितक्याच सपाटपणे ती बोलली.

"ताई, श्रीखंडाला तुम्ही मला तीनदा विचारलंत. समुद्राचं एकदाच."

"म्हणजे?"

"फेब्रुवारीत तुम्ही म्हणालात, सगळे जाऊ, चालेल ना? मी म्हटलं, चालेल. ते पहिलं चालेल होतं. दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही."



"अगं, मग तेव्हाच बोलायचं ना तोंडानं! आम्ही काय मनकवडे आहोत?"

"श्रीखंडाचं कळतं की तुम्हाला."

सिद्धेशला हसू फुटलं. त्यानं ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

"काय म्हणतेय ती?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, आईला दुबई नकोय!" नील म्हणाला.

"मग सांगायचं की. मला तरी कुठे हवीय?"

"अण्णा!" आसावरी त्यांच्याकडे वळली. "तुम्ही तर हो म्हणाला होता!"

"सगळे म्हणत होते. मी कशाला मोडता घालू?"

नील खुदकन हसला, पण आसावरी हसली नाही. ती हातातलं पातेलं घेऊन तशीच उभी होती. "मला काय दुबईचं पडलंय?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. "आई गेल्यापासून आपण सगळे मिळून कुठे गेलोय का? एकदा तरी? मला वाटलं, या निमित्तानं जाऊ. तुला आम्ही नकोसे झालो हे माहीत नव्हतं, उत्तरा."

"तसं नाही हो, ताई."

"मग कसं?"

कसं ते उत्तराला सांगता येईना. तुम्ही हव्या आहात, फक्त तुमचा आवाज नको, हे कुठल्या भाषेत सांगतात? मराठीत ते भांडण होतं, इंग्रजीत अर्ज. ती एवढंच म्हणाली, "मी दमलेय, ताई. मला थोडा वेळ असं कुठेतरी जायचंय जिथे माझ्याशी कोणी बोलू शकणार नाही आणि मलाही कोणाला उत्तर द्यावं लागणार नाही. त्या पूलमध्ये म्युझिक आहे."

आसावरी पातेलं घेऊन स्वयंपाकघरात गेली. सिद्धेशनं लॅपटॉप हळूच मिटला. मुहूर्त तसाच निघून गेला. निघताना मात्र आसावरीनं श्रीखंडाचा डबा आणून उत्तराच्या हातात कोंबला, तोंड दुसरीकडे करून. डबा जड होता.

परतताना शिळफाट्याला गाड्या अडकल्या होत्या. पुढे ट्रक, मागे ट्रक, मध्ये त्यांची छोटी गाडी. मागच्या सीटवर आजोबा आणि नातू: एकानं कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलेलं, दुसऱ्यानं कानात इयरफोनची बोंडं खुपसलेली. दोघंही सुखात. साकेत मुंब्र्यापासून गप्प होता.

"बोल," उत्तरा शेवटी म्हणाली.

"काय बोलू? मला वाटत होतं तुला माझ्याबरोबर जायचंय. तुला तर कोणीच नकोय."

"पाण्यात एकट्याला सोडतच नाहीत, साकेत. जोडीदार लागतो. तो बाजूनं पोहतो. तुझ्या हवेवर लक्ष ठेवतो, तू त्याच्या." ती थांबली. "मला तूच हवा होतास. बाजूला. न बोलता."

साकेतनं स्टिअरिंग घट्ट धरलं. गाडी तर जागची हलत नव्हती.

"मग दुबईला तू लगेच हो का म्हणालास? तुला माहीत होतं मला काय हवंय ते."

"त्याला भिंती आहेत."

"कशाला?"

"त्या पूलला." तो पुढच्या ट्रककडे बघत बोलत होता. "आजोळी, सांगोल्याला, मामानं पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकललं होतं मला. तिकडे सगळ्या पोरांना तसंच शिकवायचे पोहायला. माझा डबा सुटला. वर आलो तेव्हा सगळे हसत होते. मी पण हसलो. तेव्हापासून मी पाण्यात उतरलेलो नाही. कधीच नाही. तू बाली म्हणालीस तेव्हा मला ती विहीरच दिसली. ताई म्हणाली सगळे जाऊ, तेव्हा बरंच वाटलं. म्हटलं, घोळ होईल. होऊ दे."

उत्तरा त्याच्याकडे बघत राहिली. रोज सकाळी फाटकाबाहेर प्यायलेले ते चहा. आणि आपण त्याच्यावर मनातल्या मनात किती चिडलो.

"मग सांगायचंस ना."

"तू सांगितलंस?"

दोघांनाही थोडं हसू आलं. दमलेल्या माणसांचं हसू, आवाज नसलेलं. मागून कुणीतरी हॉर्न दाबून धरला, मग सोडला.

फोन वाजला. आसावरीचा मेसेज होता. 'अण्णांना आणि नीलला मेमध्ये माझ्याकडे ठेव. त्यांना माथेरानला नेते. आग्रह करणार नाही.' उत्तरानं तो दोनदा वाचला. त्यात राग होता आणि मायाही होती, दोन्ही एका ओळीत. या ओळीचा अनुवाद करायला सांगितलं असतं तर तिनं हात टेकले असते. तिनं लिहिलं, 'ठेवते. ताई, दिवाळीत आपण सगळे जाऊ, कुठेही. हे पहिलं चालेल नाही.'

मग ती बाली शोधायला लागली. गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. कल्याण-शीळ रस्त्याला लागेपर्यंत तारखा ठरल्या, बाहेर नुसता धूर होता, आणि त्या धुरात, मांडीवर श्रीखंडाचा डबा घेऊन, तिनं अंगठ्यानं एकेक अक्षर टाइप करत तिकिटांवर नावं घातली.

"माझंही घातलंस?" साकेतनं विचारलं.

"हो."

"मला विचारलं नाहीस."

"नाही."

मानपाड्याचा सिग्नल लाल झाला. समोरून गुढीपाडव्याची मिरवणूक आटोपून भगवे फेटे घातलेल्या बायका मोटरसायकलींवरून घरी चालल्या होत्या, फेटे सैल, चेहरे उन्हानं रापलेले.

"मी छातीपर्यंतच येईन हं," तो म्हणाला. "त्याच्या पुढे नाही."

"छातीपर्यंत ये."

"मग तू कुणाबरोबर जाशील?"

"इन्स्ट्रक्टर असतो."

"आणि मी?"

"तू तिथेच उभा राहा. पाणी छातीशी लागेल, हलेल. पायाखाली गोटे असतील. भीती वाटली तर दोन पावलं मागे ये. मी खालून बुडबुडे सोडीन, ते तुला वरून दिसतील."

"दिसतात?"

"दिसतात म्हणे. अंतरा सांगत होती."

सिग्नल हिरवा झाला. साकेतनं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.

"आणि बुडबुडे दिसायचे बंद झाले तर?" त्यानं विचारलं.

उत्तरानं डबा पायाशी ठेवला आणि गिअरवरच्या त्याच्या हातावर हात ठेवला. दुसरा गिअर दोघांच्या हातांनी पडला.